पाकिटातले आलू, डब्यातले आलू आणि गावातलं स्वयंपाकघर

आर्वीकडच्या एका गावातून एका ताईंनी विचारलं आहे. मुलगा नागपूरहून येताना फ्रोझन फ्रेंच फ्राईज आणि आलूटिक्कीची पाकिटं आणतो. परदेशात राहणाऱ्या नणंदेनं सोललेल्या आलूंचे सीलबंद डबे आणून दिले आहेत. शेतातून थकून आल्यावर हे सगळं सोपं वाटतं, पण गावात लाईन जाते आणि फ्रीज जुना आहे. तर हे वापरावं का, कसं वापरावं, आणि आलू स्वस्त असताना घरीच फ्रीजरमध्ये किंवा काचेच्या बरण्यांत भरून ठेवता येतील का? बरण्यांचा व्हिडिओ त्यांनी मोबाईलवर पाहिला आहे.

ताई, बरण्यांचं आधी सांगते, कारण त्यात जिवाचा धोका आहे. उकडलेले आलू पाण्यासकट बरणीत भरून, झाकण घट्ट लावून बाहेर ठेवायचा प्रयोग एकदाही करू नका. कारण पुढे सविस्तर सांगते. फ्रीजरमध्ये घरचे आलू ठेवता येतात, फक्त कच्चे ठेवायचे नाहीत. विकतची पाकिटं आणि डबे जरूर वापरा, त्यात कमीपणा काहीच नाही. दिवसभर निंदण करून आलेल्या बाईनं चुलीपुढची पंधरा मिनिटं वाचवली तर त्याबद्दल कोणी तिला बोलायचं कारण नाही.

मी गृहविज्ञान शिकले आणि बरीच वर्षं बचत गटांच्या बायांना भाज्या-फळं टिकवायला शिकवते आहे. पाकिटाबद्दल मी त्यांना एकच गोष्ट तपासायला सांगते. त्या पाकिटात आलूपेक्षा कामाचे पैसे जास्त असतात: सोलणं, चिरणं, वाफवणं, एकदा तळणं. त्यातलं कोणतं काम आपल्याला खरंच जड जातं? रोजच्या आलू-वांग्याला चार आलू चिरायचे तर कढईत फोडणी होईपर्यंत चिरून होतात. तिथं पाकीट काही वाचवत नाही आणि चवही देत नाही. आलूबोंड्याला, पराठ्याला कुकरमध्ये उकडलेला आलूच हवा. फ्रेंच फ्राईजचं मात्र तसं नाही. त्या घरी नीट करायच्या तर धुवा, भिजवा, उकळत्या पाण्यातून काढा, वाळवा, एकदा मंद तळा, गार करा, पुन्हा तळा. एवढं काम कारखान्यानं केलेलं असतं, म्हणून तिथं पाकिटाची किंमत मला पटते. टिक्कीचं अधलंमधलं आहे. पाहुणे अचानक आले तर उपयोगी, एरवी घरची जास्त चांगली.

कारखान्यात आलूही वेगळे लागतात. आपल्या आठवडी बाजारात येणाऱ्या आलूत पाणी बरंच असतं. तळणीला पिठूळ, घट्ट आलू हवा, आणि त्यात साखर कमी हवी. वेफर्ससाठी म्हणून केंद्रीय आलू संशोधन संस्थेनं १९९८ साली कुफरी चिप्सोना-१ आणि कुफरी चिप्सोना-२ या जाती दिल्या. फ्राईजचे मोठे कारखाने गुजरातेत मेहसाणा भागात आहेत. तिथं आलू कापून, गरम पाण्यातून काढून, हलके तळून झपाट्यानं गोठवतात आणि पुढे उणे १८ अंशांवर ठेवतात. ही थंडी मेहसाण्यापासून तुमच्या कढईपर्यंत तुटायला नको, आणि गावात सगळी अडचण इथंच येते.

नागपूरहून तुमच्या गावापर्यंत एसटीनं यायला दोन-तीन तास लागतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना साध्या पिशवीतलं पाकीट घरी पोचेपर्यंत मऊ पडलेलं असतं. मुलाला सांगा, पाकीट अगदी निघताना घ्यायचं, थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये दाबून आणायचं. घरी आल्यावर हातानं चाचपून पाहा. तुकडे सुटे आणि कडक खुळखुळत असतील तर फ्रीजरमध्ये टाका. पण एकमेकांना चिकटून गोळा झाला असेल, किंवा पाकिटात पाणी सुटलं असेल, तर त्याच संध्याकाळी तळून खा. ते परत गोठवू नका. परत गोठवलेल्या फ्राईज पचपचीत होतात आणि तेलही जास्त पितात. शिवाय वितळलेल्या अवस्थेत किती तास गेले हे कोणाला सांगता येत नाही.

जुन्या एकदारी फ्रीजमध्ये वरचा बर्फाचा कप्पा असतो. तो बऱ्याचदा उणे १८ पर्यंत जातच नाही. फ्रीजवर चिकटवलेल्या चांदण्या विजेच्या बचतीच्या असतात, थंडीच्या नव्हेत, हे मला प्रत्येक वर्गात सांगावं लागतं. म्हणून पाकिटावर वर्षभराची तारीख असली तरी ती उणे १८ अंश गृहीत धरून छापलेली असते. तुमच्या कप्प्यात ते पाकीट दोन-तीन आठवड्यांत संपवा.

लाईनीसाठी एक सोपी खूण करून ठेवा. छोट्या वाटीत पाणी गोठवा, त्या बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी कप्प्यातच राहू द्या. तुम्ही दिवसभर शेतात, नाहीतर दोन दिवस लग्नाला गेलात आणि मागे लाईन गेली-आली, तर घरी आल्यावर नाणं पाहायचं. वर असेल तर ठीक. बर्फात खाली गेलेलं दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. मग टिक्की-बिक्की जिवावर उदार होऊन खाऊ नका. लाईन गेल्यावर दार उघडून पाहायची सवयही मोडा. मोठा, गच्च भरलेला डीप फ्रीजर बंद ठेवला तर दोन दिवस थंडी धरतो, पण आपल्या छोट्या कप्प्याला ते जमत नाही. उन्हाळ्यात अर्ध्या दिवसाच्या वर लाईन गेली की मी माल वितळला असंच धरते.

आता तळणं. पाकिटातल्या फ्राईज वितळवायच्या नाहीत, गोठलेल्याच तेलात सोडायच्या. सोडण्याआधी चाळणीत हलवून सुटा बर्फ झाडून टाका, कारण बर्फानंच तेल उसळतं आणि हात भाजतात. लेकरांना कढईपासून लांब ठेवा. सरकीचं किंवा फल्लीचं तेल चांगलं. तेल १७५ ते १८० अंशांपर्यंत तापलेलं हवं. एक तुकडा टाकला की लगेच बुडबुडे येऊन तो वर आला पाहिजे. एका वेळी मूठ-दोन मुठीच टाका. जास्त टाकल्या की तेल एकदम गार होतं आणि फ्राईज तळल्या न जाता तेलात भिजत राहतात. सोनेरी झाल्या की काढा, तांबूस-काळ्या होईपर्यंत थांबू नका. आलू फार जास्त भाजला-तळला की त्यात ॲक्रिलामाइड नावाचा नको असलेला पदार्थ तयार होतो, हे स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिलं. मीठ काढल्यावर घाला, तेलात नाही.

उपवासाचं कोणी सहसा सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. एकादशीला साबुदाण्याच्या उसळीसोबत फ्राईज तळायच्या असतील तर पाकिटामागची घटकांची यादी आधी वाचा. कुरकुरीत राहाव्यात म्हणून काही फ्राईजना तांदळाचं, मक्याचं, कधी गव्हाचं पीठ लावलेलं असतं. टिक्कीत तर वाटाणा, कांदा, ब्रेडचा चुरा सर्रास असतो. नुसते आलू, तेल, मीठ एवढंच लिहिलेलं असेल तर प्रश्न नाही.

घरच्या फ्रीजरकडे वळू. कच्चा आलू कापून पिशवीत भरून गोठवला की दोन गोष्टी बिघडतात. आपला कप्पा हळूहळू गोठवतो, त्यामुळे आलूतल्या पाण्याचे मोठे टोकदार स्फटिक होतात आणि ते पेशी फाडतात. वितळला की आलू स्पंजासारखा दबतो आणि पाणी सोडतो. दुसरं म्हणजे चिरल्यावर आलू ज्यामुळे काळा पडतो ती विकरं (एन्झाइम) थंडीत मरत नाहीत, नुसती मंदावतात. उकळत्या पाण्यातून काढल्यावरच ती थांबतात. म्हणून घरी करायचं तर असं करा.

आलू पारखून घ्या. एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवा आणि त्यात आलू सोडा. बुडतात ते पिठूळ, तळणीला चांगले. तरंगतात ते रश्श्याला ठेवा. बोटाएवढे जाड तुकडे कापून गार पाण्यात अर्धा तास ठेवा, दोनदा पाणी बदला. मोठ्या गंजात पाणी उकळा, त्यात थोडं मीठ आणि चमचाभर लिंबाचा रस घाला. लिंबानं तुकडे आकार धरून राहतात. चार-पाच मिनिटांत कडा किंचित मऊ झाल्या की चाळणीत उपसा आणि सुती कापडावर पसरा. पूर्ण कोरडे होऊ द्या, इथं घाई नको. मग मध्यम तेलात मिनिटभर तळा, रंग येऊ द्यायचा नाही. गार झाले की ताटात सुटे-सुटे मांडून कप्प्यात ठेवा, कडक झाल्यावर पिशवीत भरा आणि पिशवीतली हवा दाबून काढा. महिनाभरात संपवा. उकडून कुस्करलेला, मीठ-हळद-सांभार (कोथिंबीर) घातलेला पराठ्याचा मसालाही चपट्या पिशव्यांत चांगला गोठतो, कारण तो कुस्करलेलाच असतो, त्याचं आणखी काय बिघडणार? रश्श्यातला आलू मात्र गोठवू नका. शिल्लक रस्सा ठेवायचा असेल तर फोडी काढून खाऊन टाका, नुसता रस्सा गोठवा.

आणि कच्चे आलू फ्रीजच्या खालच्या कप्प्यातही साठवू नका. थंडीत आलूतल्या स्टार्चची साखर होते. भाजी गोडसर लागते, तळले तर बाहेरून काळे आणि आतून कच्चे राहतात. त्यांना अंधारी, हवेशीर कोपऱ्यात, टोपल्यात ठेवा, कांद्यापासून दूर. हिरवे पडलेले आलू टाकून द्या.

आता बरण्या. मी याच विषयावर सगळ्यात जास्त बोलते आणि बोलत राहणार. मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू असतो. आलू मातीतून येतो, त्यामुळे त्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची झोपलेली, चिवट बीजं, आलूवर असू शकतात. ते बीजाणू साध्या उकळत्या पाण्यात, म्हणजे १०० अंशांवर, मरत नाहीत. उघड्यावर ते काही करत नाहीत. पण त्यांना ओलावा, आंबटपणाचा अभाव आणि हवाबंद जागा मिळाली की ते वाढतात आणि विष तयार करतात. उकडलेले आलू आणि घट्ट झाकण म्हणजे नेमकं हेच. या विषाला वास असतोच असं नाही, चवही कळत नाही. बरणीतलं पाणी स्वच्छ दिसतं. खाल्ल्यावर बहुधा अर्ध्या ते दीड दिवसात डोळ्यांना एकाचे दोन दिसतात, पापण्या मिटायला लागतात, बोलणं अडखळतं, घास गिळवत नाही, आणि पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. असं कोणाला झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. मोठ्या दवाखान्यात न्या आणि काय खाल्लं ते सांगा.

अमेरिकेत ओहायो राज्यात एप्रिल २०१५ मध्ये एका चर्चच्या पंगतीत २९ जण असे आजारी पडले आणि एक बाई दगावली. पंगतीतल्या सॅलडमध्ये घरी बरणीत भरलेले आलू होते. ते भरणाऱ्यांनी बरण्या नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवल्या होत्या. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओतही उकळत्या पाण्याचंच भांडं असेल तर तो व्हिडिओ पुढे पाठवू नका.

वर्गात बाया विचारतात, मग आंब्याचं लोणचं वर्षभर कसं टिकतं? त्यात आंबटपणा असतो आणि मीठ भरपूर असतं. आंबटात हा जंतू वाढत नाही. आलूत आंबटपणा जवळपास नाहीच. कारखान्यात डबे दाबाखालच्या वाफेत ११६ ते १२१ अंशांपर्यंत, प्रत्येक डब्याच्या आकाराप्रमाणे ठरवलेला वेळ तापवतात. आपल्या शिट्टीच्या कुकरमध्येही दाब येतो हे खरं, पण बरणीच्या मध्यभागी किती उष्णता किती वेळ पोचली हे त्यात मोजता येत नाही, आणि तो लवकर तापतो, लवकर निवतो. त्याच्यावर घरच्यांचा जीव सोपवू नका.

आलू स्वस्त असताना वर्षभराची सोय करायची असेल तर आपल्याकडे त्याला हक्काचं ऊन आहे. दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या डोंगरात लोक फार पूर्वीपासून आलू रात्रीच्या हिवात गोठवून, दिवसाच्या उन्हात वाळवून वर्षानुवर्षं टिकवतात, त्याला चुन्यो म्हणतात. आपल्याकडे तसं हिव नाही, पण एप्रिल-मेचं वऱ्हाडातलं ऊन आणि कोरडी हवा एकट्यानं ते काम करते. फेब्रुवारी-मार्चचा नवा आलू स्वस्त असतो, तेव्हाच मोठे, गुळगुळीत आलू घेऊन ठेवा.

वेफर्स तर तुम्ही करतच असाल, म्हणून फक्त जिथं बायांचं चुकतं तेवढंच सांगते. चकत्या थेट पाण्यात पाडा आणि पाणी नितळ होईपर्यंत धुवा. नाहीतर तळताना काळ्या होतात. धुण्याचं पहिलं पाणी फेकू नका. तासाभरात खाली पांढरा साका बसतो, तो वाळवला की उपवासाच्या कढीला किंवा टिक्कीला दाटपणा द्यायला उपयोगी पडतो. उकळत्या मिठाच्या पाण्यात चकती अर्धपारदर्शक दिसेपर्यंतच ठेवायची. मोडायला लागली म्हणजे उशीर झाला. पसरायचं काम ऊन चढायच्या आत संपवा, सुती लुगड्यावर एकेक चकती सुटी. दोन दिवसांच्या कडक उन्हानंतर चकती वाकत नाही, तुटते. तुटल्याशिवाय डब्यात भरू नका, आणि भरण्याआधी सावलीत निवू द्या.

तळायच्या वेफर्ससोबत भाजीसाठीही वाळवण करा, ते फार कमी घरांत होतं. तेच आलू, पण जरा जाड, आगपेटीच्या काडीच्या दुप्पट जाडीचे लांब तुकडे. तसंच गरम पाण्यातून काढून तीन-चार दिवस खडखडीत वाळवा. पावसाळ्यात, बाजाराच्या दिवशी नाल्याला पूर आला आणि घरात भाजी नसली, की मूठभर तुकडे कोमट पाण्यात तासभर भिजवून रश्श्यात टाका. ताज्या आलूची लुसलुशीत चव येत नाही, थोडा चिवटपणा राहतो. पण त्याला लाईन लागत नाही, बर्फ लागत नाही. आलूत जवळपास ऐंशी टक्के पाणी असतं, त्यामुळे पाच-सहा किलोचे किलोभर होतात आणि एका डब्यात मावतात. तुमच्या गावासाठी ही सोय मला पाकिटापेक्षा वरची वाटते.

राहिले नणंदेनं दिलेले डबे. ते चांगले आहेत, निर्धास्त वापरा. आधी तारीख पाहा. फुगलेला, शिवणीवर चेपलेला, गंजून ओलसर झालेला, किंवा उघडताना फवारा उडालेला डबा चाखून न पाहता टाकायचा, आणि गुराढोरांनाही घालायचा नाही. डबे टिनाच्या छपराखालच्या फळीवर ठेवू नका. उन्हाळ्यात तिथं भट्टी असते. धान्याच्या खोलीत, जमिनीलगतच्या गार कोपऱ्यात ठेवा.

या डब्यातला आलू पूर्ण शिजलेला, लहान, घट्ट असतो. घट्ट राहावा म्हणून बऱ्याचदा त्यात कॅल्शियमचा क्षार घालतात. त्यामुळे तो बोंड्यासाठी नीट कुस्करत नाही, पराठ्यालाही मजा येत नाही. पण सुकी भाजी, दम आलू, रस्सा यांना सरळ चालतो. वजनाकडे लक्ष द्या, डब्याच्या वजनात बराच भाग पाण्याचा असतो. ते पाणी खारट असतं. ते फेकून आलू दोनदा धुवा, आणि घरात कोणाला बीपी असेल तर दहा मिनिटं साध्या पाण्यात ठेवा. उरलेले आलू डब्यातच ठेवू नका. स्टीलच्या भांड्यात काढून फ्रीजमध्ये तीन दिवस चालतील.

हे डबे आत्ताच संपवू नका. मृगाच्या पेरणीसाठी राखून ठेवा, जेव्हा पाऊस पडला की घरातले सगळे हात वावरात असतात. त्या संध्याकाळी कढईत फल्लीच्या तेलात मोहरी, जिरं, कांदा-लसूण लाल करा, तिखट, हळद आणि घरचा काळा मसाला घाला, गरम पाणी ओता. आलू धुऊन, काट्यानं दोन-चार ठिकाणी टोचून घ्या. तो आधीच शिजलेला असतो, त्यामुळे टोचल्याशिवाय त्यात रस्सा मुरत नाही. रस्सा उकळला की सात-आठ मिनिटं आलू त्यात राहू द्या. मीठ नेहमीपेक्षा निम्मं घालून चाखा, मग लागेल तसं वाढवा. वरून सांभार, आणि सोबत ज्वारीची भाकर.